कोनशिलेवर न लिहिलेले

गावातल्या कामांचा इतिहास लिहायचा तर हाताशी येणारे पहिले साधन म्हणजे कोनशिला. वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात जा. सभामंडप, समाजमंदिर, शाळाखोली, व्यायामशाळा, स्मशानशेड, प्रत्येक बांधकामावर दगडात कोरलेला मजकूर सापडतो. कोणाच्या शुभहस्ते, कोणाच्या अध्यक्षतेखाली, कोणत्या निधीतून, कोणत्या दिवशी. गेली काही वर्षे मी मेडशी आणि आजूबाजूच्या गावांतल्या अशा पाट्या वहीत उतरवून घेत आहे. हेच काम का निवडले, दुसरे का नाही, निवडताना गावात कोणाला विचारले, हे मला एकाही पाटीवर आढळले नाही. ठरावाच्या वहीत पाहावे तर तिथे 'सर्वानुमते मंजूर' एवढेच असते. त्या 'सर्वां'मध्ये कोण कोण होते, हे शोधू गेले की कागद संपतो.

लोकांसाठी काही करू पाहणाऱ्या माणसांनी लोकांची गरज कशी ओळखली, हा तो न लिहिलेला भाग. कोणी काय बांधले याची चरित्रे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते बांधायचे कसे ठरले, याचा माग फारसा कोणी काढलेला नाही. मी कोणत्याही विद्यापीठाचा माणूस नाही. ग्रंथालयांत बसून, जुने अहवाल आणि चरित्रे वाचून जे हाती लागले ते इथे मांडतो.

मेडशी हे अकोला-वाशिम रस्त्यावरचे, पातूर आणि मालेगाव यांच्यामधले डोंगराळ भागातले गाव. तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. इंग्रजी अमदानीत वाशिम हा वेगळा जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. मधली ९३ वर्षे आमच्या गावाला काय हवे ते अकोल्यात ठरले. त्याआधीही ते गावात ठरत होते असे मानायला आधार नाही. त्यामुळे गरज ओळखण्याची गोष्ट सरकारी दप्तरापासून सुरू करण्यात अर्थ नाही. ती सुरू करावी लागते पूर्णा नदीच्या काठापासून.

अमरावती जिल्ह्यातल्या ऋणमोचनला पौष महिन्यातल्या रविवारी यात्रा भरते. नदीत स्नान करायचे आणि ऋणातून मोकळे व्हायचे, अशी श्रद्धा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे घाट नव्हता. काठावर चिखल, आणि ओल्या अंगाने चढणारे म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया त्यात घसरत. डेबूजी झिंगराजी जानोरकर म्हणजे आपले गाडगेबाबा १९०५ साली घर सोडून निघाले ते या भागात वावरत होते. चरित्रकार सांगतात की बाबांनी आधी त्या काठावर हात राबवले, वाट केली, आणि पुढे लोकांकडून पैसा उभा करून पक्का घाट बांधून घेतला.

मला यात महत्त्वाचा वाटतो तो क्रम. बाबांनी यात्रेकरूंची सभा बोलावून 'तुम्हाला काय पाहिजे' असे विचारले असते तर काय उत्तर आले असते? माझा अंदाज असा की देऊळ, मंडप, फार तर सावली. चिखल कोणी सांगितला नसता. चिखल हा यात्रेचाच भाग, पुण्याची किंमत, असे धरून चालणाऱ्याला तो अडचण म्हणून दिसतच नाही. तो दिसला काठावर दिवसभर वाकून काम करणाऱ्या माणसाला. बाबांच्या हातातल्या खराट्याकडे आपण स्वच्छतेचे प्रतीक म्हणून पाहतो. मी त्याच्याकडे पाहणीचे साधन म्हणूनही पाहतो. गाव झाडून काढणारा माणूस ज्या बोळात जातो त्या बोळात पाहुणा कधी जात नाही. कोणाच्या दारात सांडपाणी तुंबते, कोणाच्या दारात झाडायला आडकाठी होते, कोणत्या वस्तीकडे रस्ता म्हणून काही नाहीच, हे सारे रात्रीच्या कीर्तनाआधी बाबांना ठाऊक झालेले असे. मग कीर्तनात प्रश्नांवर प्रश्न.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ सालची. पंढरपुरात धर्मशाळांचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो अस्पृश्य वारकऱ्याला पाठ टेकू देणाऱ्या छपराचा. वारीतल्या बहुमताला विचारून ही गरज कधीच यादीत आली नसती; बहुमताला छप्पर होते. पुढे १९४९ साली बाबांनी ही वास्तू डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा १९५४ची, आणि ती रोग्यांसाठी नाही, रोग्यांच्या नातेवाइकांसाठी. दवाखाना काढणाऱ्याला रोगी दिसतो. रोग्याबरोबर खेड्यातून आलेला, फुटपाथवर भाकरी सोडून बसलेला भाऊ किंवा बायको दिसायला त्या फुटपाथवरून जाण्याची सवय लागते.

एक सावधगिरी इथे नोंदवली पाहिजे. गाडगेबाबांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. आपल्याकडे जे आहे ते भक्तांनी आणि कार्यकर्त्यांनी लिहिलेले, आणि भक्त माणूस निवडीतली चाचपडणी गाळून टाकतो. पण इमारती उभ्या आहेत, आणि त्या कोणासाठी बांधल्या हे इमारतीच सांगतात.

दुसरी वाट मोजणीची. वर्ध्याला डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे मूळचे हिशेबतपासनीस, लंडन आणि अमेरिकेत शिकलेले. मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा प्रांताच्या औद्योगिक पाहणीची समिती कुमारप्पांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. असल्या समित्यांची रीत ठरलेली असे. नागपुरात बसायचे, कारखानदार आणि अधिकारी यांच्या साक्षी घ्यायच्या, अहवाल लिहायचा. या समितीने प्रांतातल्या ६०६ खेड्यांची पाहणी केली. अहवाल १९३९ साली निघाला. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याची दखल घेतली.

६०६ हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो. मोटारी थोड्या, पावसाळ्यात नाले अडवणारे, आणि तरीही कोणीतरी वही घेऊन तेवढ्या गावांत गेले. आजच्या कितीतरी 'सर्वेक्षणां'ना तो आकडा लाज आणील. तरी एक मर्यादा उघड आहे. समितीच्या नावातच उद्योग होता, आणि संघाचा भर तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, गूळ, मधमाशापालन यांवर. गरज शोधायला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर आधीच एक पिशवी असते, आणि गाव त्या पिशवीकडे पाहून बोलते. कुमारप्पांसारख्या प्रामाणिक माणसाचीही त्यातून सुटका नव्हती. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. युद्ध सुरू झाले, नोव्हेंबर १९३९मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि अहवाल कपाटात गेला.

स्वातंत्र्यानंतर गरज ओळखणे हे सरकारी धोरणच झाले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या कागदोपत्री एक शब्द वारंवार येई: लोकांच्या 'जाणवलेल्या गरजा'. ग्रामसेवकाने गावात राहायचे, लोकांना काय जाणवते ते ऐकायचे, त्यातून काम ठरवायचे, सरकारने थोडे द्यायचे आणि गावाने श्रमदान करायचे. कागदावर याहून चांगले काय असणार?

श्यामाचरण दुबे या मानववंशशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या एका प्रकल्पाचा अभ्यास करून १९५८ साली पुस्तक लिहिले. त्यातला श्रमदानाचा भाग प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. गावाची 'जाणवलेली गरज' म्हणून रस्ता ठरला. खपले कोण? गरीब. देखरेख कोणाची? सधनांची. रस्ता झाल्यावर त्यावरून गाड्या कोणाच्या गेल्या? ज्यांच्याकडे बैलगाड्या होत्या त्यांच्या. मजुराच्या पायाला जुनी पायवाट पुरत होती आणि श्रमदानात त्याची मजुरी मात्र बुडाली. गरज खरीच होती, फक्त ती ज्याची होती त्याने घाम गाळला नाही. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली जो निष्कर्ष काढला तो यालाच धरून होता, की या योजनेला लोकांचा पुढाकार जागवता आला नाही. त्यातून पंचायत राज आले, महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. विचारण्याचे काम अधिकाऱ्याकडून निवडून आलेल्या माणसाकडे गेले. ते विचारायचे कोणाला, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

आता आमच्या भागाकडे येतो. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिचे सात दिवसांचे निवासी शिबिर आणि 'दत्तक गाव' ही कल्पना खेड्यांत आता चांगली रुळली आहे. शिबिराची मुले सकाळी प्रभातफेरी काढतात, शोषखड्डे खणतात, वनराई बंधारा घालतात आणि एक दिवस घरोघर जाऊन गावाची पाहणी करतात. या मुलांविषयी मला ममत्व आहे. शहरात वाढलेल्या पोराला शेणाचा पो हाताने उचलायला लावणारी दुसरी योजना आपल्याकडे नाही.

पण पाहणीचा दिवस मी अनेकदा जवळून पाहिला आहे. शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात, कारण परीक्षा त्या आधी उरकलेल्या असतात. आमच्याकडे तो हंगाम तुरीचा आणि हरभऱ्याचा. सकाळी दहा-साडेदहाला मुले फॉर्म घेऊन निघतात तेव्हा मजुरी करणाऱ्या घराला कुलूप असते. दिवाळीनंतर कामासाठी गाव सोडलेली कुटुंबे तर होळीपर्यंत दिसत नाहीत. दार उघडे असते ते दुकानदाराचे, नोकरदाराचे आणि ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याचे. फॉर्म भरतात, बेरीज होते, आणि 'ग्रामस्थांच्या गरजा' या मथळ्याखाली ज्यांना त्या वेळी घरी बसणे परवडते त्यांच्या गरजा उतरतात. यात लबाडी कोणाचीच नाही. वेळापत्रक कॉलेजचे आहे, पीक शेताचे आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही.

एकदा अशाच एका फेरीत मुलाने एका बाईला विचारले, "तुमच्या गावाची मुख्य गरज कोणती?" ती शेतातून नुकतीच आली होती, डोक्यावरचा भारा उतरवत होती. म्हणाली, "बाबू, तुमच्यापाशी काय हाये ते सांगा, मंग आमी गरज सांगतो." मुले हसली. मला त्यात पन्नास वर्षांच्या अनुभवाचे सार दिसले. टाकीचा निधी आला की टाकी मागायची, सभागृहाचा आला की सभागृह मागायचे. नसलेली गोष्ट मागून तोंड कशाला वाया घालवा!

महाराष्ट्रात या कोंडीतून बाहेर पडलेल्यांची दोन उदाहरणे मला नेहमी आठवतात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला गेले ते आरोग्याचे काम करायला. गावे दुष्काळाने होरपळलेली होती. लोकांच्या डोक्यात दवाखाना नव्हता, पाणी आणि अन्न होते. आरोळ्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कूपनलिका खणायला घेतल्या. त्याहून शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्या दलित वस्तीत खणण्याचा आग्रह धरला. पाण्याची गरज सगळ्या गावाची, पण पाणी कुठे लागणार यावर कोणाला कोणाच्या दारात जावे लागणार ते ठरते. नंतर शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा गावातल्याच निरक्षर बायांना आरोग्यसेविका केले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' सुरू केली. त्या काळी खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढेच सरकारी दप्तराला ठाऊक होते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यांनी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. हा निबंध १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. माझ्या विषयाच्या दृष्टीने हा आकडा फार बोलका आहे. या स्त्रियांपैकी कोणीही ग्रामसभेत उठून ही गरज सांगणार नव्हती. घरात नवऱ्यालाही सांगत नव्हती. म्हणजे लोकांना विचारा, हा मंत्रसुद्धा अर्धाच. कोणी विचारले, कुठे विचारले, दार लावून विचारले का, यावर उत्तर ठरते.

त्याच संस्थेने आदिवासींना त्यांचा दवाखाना कसा हवा ते विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे नकोत कारण पांढऱ्यात मेलेल्याला गुंडाळतात, नातेवाइकांना जवळ राहू द्या, असे लोक म्हणाले. म्हणून शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा आहे आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव आहे. गरज 'दवाखाना' या एका शब्दात लिहून मोकळे झाले असते तर दुमजली इमारत उभी राहिली असती, आणि रिकामी.

हे सारे वाचत असतानाच मेडशीत एक निमित्त झाले. आमच्याच भागातले, आता पुण्यात स्थिरावलेले एक गृहस्थ वडिलांच्या स्मरणार्थ गावासाठी काही करू इच्छित होते. त्यांच्या मनात कमान होती. प्रवेशद्वार, वर वडिलांचे नाव, दोन बाजूंना दिवे. तरी माणूस सज्जन, त्यांनी मला फोन करून म्हटले, "दादा, गावाची खरी गरज काय ते बघून सांगा, मग ठरवू." आम्ही पाच-सहा जण, त्यात दोन बचत गटातल्या बाया, कामाला लागलो. आधीच्या लोकांकडून शिकलेले तीन बदल केले. आषाढात एकदा गेलो आणि पौषात पुन्हा गेलो. दिवेलागणीनंतर गेलो. आणि 'काय पाहिजे' हा प्रश्न टाकून दिला; 'कालचा दिवस कसा गेला' एवढेच विचारले.

'काय पाहिजे' म्हटल्यावर जी उत्तरे येतात ती मला तोंडपाठ आहेत: रस्ता, नाली, सभामंडप. 'कालचा दिवस' विचारल्यावर वेगळीच गाव-कहाणी बाहेर आली. एकामागून एक म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांनी सांगितला तो बँकेचा दिवस. निराधारांचे अनुदान खात्यात येते. ते काढायला जायचे, तर यंत्रावर अंगठा उमटत नाही. आयुष्यभर निंदण-खुरपण करून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. 'उद्या या' म्हणतात. उद्या पुन्हा ऑटोचे भाडे, आणि सोबत आलेल्या सुनेची मजुरी बुडाली ती वेगळी. वर्षातून एकदा हयातीचा दाखला, मधूनच केवायसी, नावात एक काना कमी म्हणून परत. यातले काहीही आमच्या कोणाच्या यादीत आजवर नव्हते. मागायचे म्हणून ते कोणाला सुचतच नव्हते; ते नशीब म्हणून धरलेले होते, ऋणमोचनच्या चिखलासारखे.

यावर उपाय इमारतीचा नाही. कागद समजणारी एक मुलगी, ठरावीक दिवशी, या माणसांबरोबर बँकेत आणि तहसिलीत जाणारी. तिचे मानधन आणि ऑटोचे भाडे. आम्ही पुण्याला तसे कळवले. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, "पण दादा, यावर वडिलांचे नाव कुठे लिहायचे?"

मी त्यांना हसलो नाही. गेल्या शंभर वर्षांत या भागात जे उभे राहिले आणि जे राहिले नाही त्यामागे हा प्रश्न आहे. ज्या गरजेला भिंत नाही तिला पाटी लागत नाही, आणि पाटी लागत नाही ते दात्याच्या, पुढाऱ्याच्या, खात्याच्याही नजरेत भरत नाही. त्यांनी कमानीचा विचार सोडलेला नाही. एका वर्षाचे मानधन मात्र पाठवले. ते संपल्यावर काय, हे अजून ठरायचे आहे.

दरम्यान गरज मोजण्याचे काम फार वर गेले आहे. जानेवारी २०१८मध्ये केंद्राने देशातले आकांक्षित जिल्हे ठरवले, त्यांत महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आमचे वाशिम. आरोग्य-पोषण, शिक्षण, शेती-पाणी, वित्तीय समावेशन-कौशल्य आणि पायाभूत सुविधा या पाच विषयांत ४९ निर्देशक धरून जिल्ह्याची प्रगती मोजली जाते. मी या मोजणीच्या विरोधात नाही. कुपोषित बाळ आकड्यात आले म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिले, हे मी पाहिले आहे. पण किती खाती उघडली हे मोजता येते. उघडलेल्या खात्यासमोर अंगठा पुसत उभी असलेली म्हातारी त्या मोजणीत उघडलेले एक खाते म्हणून जमेच्या बाजूला पडते.

खाली गावात 'आमचा गाव, आमचा विकास' हा आराखडा दरवर्षी करावा लागतो, त्यात महिला-बालकल्याणासाठी १० टक्के निधी ठेवावा लागतो, आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा कायद्यानेच घ्यावी लागते. साधने आहेत. बहुतेक गावांत महिला सभा सकाळी अकराला भरते आणि वहीवरच्या सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या जातात. परिसरातल्या एका गावच्या सरपंचबाईंनी गेल्या खेपेला ती रात्री आठला, शाळेच्या ओट्यावर, स्वयंपाक उरकल्यावर ठेवली. पुरुष ग्रामसेवकाला त्यांनी अर्धा तास बाहेर बसवले. त्या अर्ध्या तासात काय बोलणे झाले ते वहीत नाही. आराखड्यात मात्र पहिल्या क्रमांकावर असलेली नाली तिसऱ्यावर गेली आणि वर आली बाजाराच्या ओट्यांमागची, आतून कडी असलेली, पाण्याची सोय असलेली बायांची मुतारी. 'आतून कडी' हे शब्द ठरावात तसेच लिहिले आहेत.